पडणाऱ्या दाताचीही राखण

रात्रीचे अकरा वाजून गेले होते, तरी तालुक्याच्या गावातील त्या भुसार व्यापाऱ्याच्या घरातील दिवे विझले नव्हते. सात वर्षांचा मुलगा डाव्या गालावर तळहात दाबून आजीच्या मांडीवर कण्हत पडला होता. लवंगेच्या तेलाचा बोळा दाढेत ठेवून झाला, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या झाल्या, वेदनाशामक औषधही देऊन झाले. पण ठणका काही थांबेना. पहाटेपर्यंत गाल इतका सुजला की जबड्याची कड दिसेनाशी झाली आणि अंगात ताप भरला.

"दुधाचीच तर दाढ आहे, आज ना उद्या पडायचीच," हे वाक्य त्याच घरात वर्षभरापूर्वी उच्चारले गेले होते. शाळेतील दंततपासणी शिबिरात मुलाच्या हाती एक चिठ्ठी देण्यात आली होती. डावीकडील खालची दाढ किडली आहे, ती भरून घ्यावी, एवढाच तिचा मजकूर होता. चिठ्ठी घरी आली, आजोबांना दाखवली गेली आणि पुढे दुकानाच्या गल्ल्यात पावत्यांच्या खाली जाऊन पडली. मुलाच्या आईने दोनदा आठवण करून दिली. परंतु दिवाळीचा हंगाम तोंडावर होता, मुलाला काही दुखत नव्हते, आणि जो दात मुळात टिकणारच नाही त्याच्यावर खर्च करण्यात कोणाला अर्थ वाटला नाही. त्या घरात मुलावर प्रेम कमी होते असे मुळीच नव्हे. हिशेब मात्र चुकला होता.

हा हिशेब असंख्य घरांत चुकतो. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक बालकांचे दात किडलेले आढळले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगभरात सुमारे ५१ कोटी बालकांच्या दुधाच्या दातांतील कीड उपचाराविना राहिलेली आहे. बालपणीच्या आजारांत इतका सर्वत्र आढळणारा आणि तरीही इतका क्षुल्लक समजला जाणारा दुसरा आजार क्वचितच सापडेल.

दुधाच्या दाताची नोकरी किती वर्षांची?

दुधाचे दात एकूण वीस असतात. साधारण सहाव्या महिन्यात पहिला दात हिरडीतून वर येतो आणि अडीच ते तीन वर्षांपर्यंत वीसही दात येऊन पूर्ण होतात. समोरचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात. त्यामुळे सगळेच दुधाचे दात त्या सुमारास पडतात, अशी समजूत रूढ झाली आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. दुधाच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहायच्या असतात. चौथ्या वर्षी किडलेली दाढ 'पडणारीच आहे' म्हणून सोडून दिली, तर तिच्या सेवेची सहा ते आठ वर्षे सोडून दिल्यासारखे होते. याच वर्षांत मुलाची उंची वाढते, वजन वाढते आणि त्याला रोज नीट चावून खायचे असते.

चावणे हे या दातांचे एक काम झाले. दुसरे काम शब्दोच्चाराचे, आणि तिसरे सर्वांत दुर्लक्षित काम जागा राखण्याचे. प्रत्येक दुधाच्या दाढेखाली जबड्याच्या हाडात कायमचा दात आकार घेत असतो. वरची दाढ त्याच्यासाठी जागा धरून बसलेली असते. ती अकाली काढावी लागली, तर शेजारचे दात त्या मोकळ्या जागेकडे सरकतात. सहाव्या वर्षी मागच्या बाजूने येणारी कायमची मोठी दाढ तर चटकन पुढे येते. मग दहा-अकरा वर्षांचा झाल्यावर खालून येणाऱ्या दाताला वाट उरत नाही. तो आडवा येतो, बाहेर ढकलला जातो किंवा हाडातच अडकून राहतो. पुढे दात सरळ करण्यासाठी तारा लावण्याचा जो दीर्घ आणि खर्चिक उपचार करावा लागतो, त्याचे मूळ पुष्कळदा या हरवलेल्या जागेत असते. शिवाय दुधाच्या दाढेच्या मुळाशी दीर्घकाळ पू साचत राहिला, तर खाली घडत असलेल्या कायमच्या दाताच्या आवरणावरही कायमचा डाग वा खड्डा राहू शकतो.

कीड म्हणजे किडा नव्हे

मराठीत दाताला 'कीड लागली' असे म्हणतात. दातात खरोखर एखादा किडा असतो, ही समजूत जगाच्या अनेक भागांत शतकानुशतके होती. आजही आठवडी बाजारांत दातातील किडा काढून दाखवणारे लोक अधूनमधून भेटतात. पॅरिसचे दंतवैद्य पिएर फोशार यांनी १७२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही समजूत नाकारली. पुढे बर्लिनमध्ये काम करणारे संशोधक विलोबी मिलर यांनी १८९० मध्ये सिद्धान्त मांडला की तोंडातील सूक्ष्मजंतू साखर व पिष्टमय पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवते. आजच्या दंतशास्त्राचा पाया हाच आहे.

दातावर साचणाऱ्या चिकट पापुद्र्यात हे सूक्ष्मजंतू राहतात. गोड पदार्थ तोंडात गेला की काही मिनिटांतच आम्ल तयार होते आणि दाताच्या कठीण आवरणातून, म्हणजे एनॅमलमधून, खनिजे निघून जाऊ लागतात. लाळ हे आम्ल हळूहळू सौम्य करते आणि गेलेली खनिजे परत बसवते. मात्र तिला अर्धा ते एक तास मिळावा लागतो. त्या अवधीत पुन्हा काही गोड खाल्ले की दुरुस्ती थांबते आणि झीज पुन्हा सुरू होते. झीज अधिक आणि भरपाई कमी असा क्रम महिनोन्महिने चालू राहिला की प्रथम पांढरट डाग दिसतो, नंतर तो तपकिरी होतो आणि शेवटी खड्डा पडतो.

पांढऱ्या डागाच्या अवस्थेत काहीही न भरता दात सावरू शकतो. फ्लोराइडचा लेप, योग्य टूथपेस्ट आणि खाण्यातील शिस्त एवढे पुरेसे होते. खड्डा पडल्यावर मात्र आवरण आपोआप भरून येत नाही. तेथे अन्न अडकते, ब्रश पोहोचत नाही, आणि कीड आत शिरते. दुधाच्या दाताचे एनॅमल कायमच्या दाताच्या तुलनेत साधारण निम्म्या जाडीचे असते आणि आतली नस पृष्ठभागाच्या बरीच जवळ असते. म्हणूनच मोठ्या माणसाच्या दातात जे अंतर कापायला कीड वर्षे घेते, ते मुलाच्या दातात ती काही महिन्यांत कापते. दुखणे सुरू होते ते बहुधा नसेपर्यंत मजल गेल्यावर. 'दुखत नाही, म्हणजे काही नाही' हा निकष येथे फसवा ठरतो.

भरणे म्हणजे नेमके काय?

दात भरणे म्हणजे किडलेला मऊ भाग काढून, उरलेल्या निरोगी भागाला आधार देणारा पदार्थ त्या जागी बसवणे आणि सूक्ष्मजंतूंना अन्न मिळण्याची वाट बंद करणे. कोणता पदार्थ वापरायचा, हे खड्ड्याची जागा, त्याची खोली आणि मुलाचे वय पाहून ठरते.

पूर्वी 'चांदी भरणे' हा शब्दप्रयोग घरोघरी ऐकू येई. ती केवळ चांदी नसे. त्या मिश्रणात वजनाने सुमारे निम्मा पारा असतो. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी झालेल्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली. २०२२ मध्ये त्या करारात झालेल्या दुरुस्तीनुसार दुधाच्या दातांत, पंधरा वर्षांखालील मुलांमध्ये आणि गर्भवती व स्तनदा मातांमध्ये हे मिश्रण वापरू नये, अपवाद फक्त दंतवैद्याला रुग्णासाठी ते आवश्यक वाटल्यासच, असे ठरले. त्यामुळे मुलांच्या दातांसाठी आज दुसरे पदार्थ पुढे आले आहेत.

त्यांपैकी ग्लास आयोनोमर हे सिमेंट बालकांसाठी विशेष सोयीचे आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी लंडनमध्ये अ‍ॅलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी ते विकसित केले. बारीक काचेची भुकटी आणि आम्लद्रव यांच्या मिश्रणातून ते तयार होते, दाताला रासायनिक बंधाने चिकटते आणि त्यातून थोडे थोडे फ्लोराइड बाहेर पडत राहते. चुळबुळ्या मुलाचे तोंड पूर्ण कोरडे ठेवणे कठीण असते. थोडा ओलावा हे सिमेंट सहन करते. त्याची उणीव अशी की मोठ्या खड्ड्यात ते लवकर झिजते वा निघते. दुसरा पदार्थ कंपोझिट. तो दाताच्या रंगाचा आणि अधिक मजबूत असतो, निळ्या प्रकाशाने घट्ट केला जातो. परंतु तो बसवताना दात अगदी कोरडा असावा लागतो आणि मुलाला अधिक वेळ शांत बसावे लागते.

दोन दाढांच्या मधल्या भागात कीड पसरली असेल, तर साध्या भरणीपेक्षा पोलादी कॅप अधिक टिकाऊ ठरते. पालक कॅपच्या चकाकीला बिचकतात. पण ती मागच्या दाढेवर असते आणि दाढ पडते तेव्हा तिच्यासह निघून जाते. स्कॉटलंडमधील नॉर्ना हॉल या दंतवैद्य बाईंनी इंजेक्शन न देता, दात न कोरता, कीड आतच बंद करून अशी कॅप दाबून बसवण्याची पद्धत आपल्या दवाखान्यात अवलंबिली. २००६ नंतर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतून तिचे परिणाम चांगले असल्याचे दिसले. बाहेरून अन्न मिळणे बंद झाले की आतली कीड पुढे सरकत नाही, हे तत्त्व त्यामागे आहे. नसेला संसर्ग झालेला नसेल अशाच दाढेसाठी ती योग्य असते.

यंत्राचा आवाजही न करता दात भरता येतो, ही गोष्टही अनेक पालकांना ठाऊक नसते. १९८० च्या दशकात आफ्रिकेतील टांझानियात, जेथे दवाखान्यांत विजेचा भरवसा नव्हता, तेथे केवळ हातातील लहान हत्यारांनी मऊ कीड खरवडून सिमेंट भरण्याची पद्धत आकारास आली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने तिचा पुरस्कार केला. गरजेतून जन्मलेली ही पद्धत आज मोठ्या शहरांतही घाबरट मुलांसाठी वापरली जाते.

अगदी लहान, दोन-तीन वर्षांच्या बालकांसाठी आणखी एक उपाय आहे. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचे द्रव किडलेल्या जागी ब्रशने लावले की बहुतेक वेळा कीड तेथेच थांबते. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे द्रव आणि ग्लास आयोनोमर सिमेंट या दोहोंचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. त्याने किडलेली जागा कायमची काळी पडते, हे मात्र लावण्यापूर्वीच समजून घेतले पाहिजे. नाहीतर 'दात बिघडवला' असा गैरसमज होतो.

कीड नसेपर्यंत गेली असेल, तर नुसती भरणी पुरत नाही. नसेचा वरचा संसर्गित भाग काढून, औषध ठेवून, वर कॅप बसवावी लागते. मुळाशी पू होऊन हाड झिजले असेल, तर दाढ काढावी लागते आणि जागा राखण्यासाठी तारेचा लहानसा आधार बसवावा लागतो. एका भेटीत होणारे काम तीन-चार भेटींचे होते, आणि त्या प्रमाणात मुलाचा त्रासही वाढतो.

सूज येणे हा याच वाटेवरील धोक्याचा टप्पा आहे. प्रतिजैविकाच्या गोळ्यांनी सूज उतरते आणि घरातील सर्वांना हायसे वाटते. पण संसर्गाचे घर दातातच असते, त्यामुळे काही आठवड्यांत ती परत येते. सुजेबरोबर ताप असेल, तोंड उघडत नसेल, गिळायला वा श्वास घ्यायला त्रास होत असेल, किंवा सूज डोळ्याकडे वा गळ्याकडे पसरत असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठणे आवश्यक आहे.

खुर्चीत बसण्यापूर्वी

मुलाची भीती बहुधा दवाखान्यात जन्मत नाही. ती घरात जन्मते. 'मस्ती केलीस तर डॉक्टर सुई टोचतील' ही धमकी ज्या मुलाने वर्षभर ऐकली आहे, ते त्या खुर्चीत शांत कसे बसेल? उलट, 'काहीच होणार नाही' असे खोटे आश्वासनही घातक ठरते. थोडे जरी टोचले तरी मुलाचा सर्वांवरील विश्वास उडतो. 'डॉक्टर तुझे दात मोजतील, पाण्याने धुतील, थोडे गुदगुल्यासारखे वाटेल' असे साधे आणि खरे शब्द पुरेसे असतात. बालदंतवैद्य आधी सांगतात, मग दाखवतात आणि नंतरच करतात. आरसा, हवेची फुंकर, पाण्याचा फवारा यांची ओळख झाली की बरीचशी मुले सहकार्य करतात.

भेटीची वेळ सकाळची असावी, मूल झोपेत वा भुकेलेले नसावे. दुकान सोडता येत नाही म्हणून दाटीवाटीने रात्रीची वेळ घेणे मुलाला जड जाते. भरणीसाठी जागा बधिर केली असेल, तर पुढचे दोन-तीन तास मुलाकडे लक्ष ठेवावे लागते. बधिर ओठ गमतीने चावून मुले स्वतःला मोठी जखम करून घेतात. आणि शहाण्यासारखे बसल्याचे बक्षीस म्हणून चॉकलेट देऊ नये, हे सांगावे लागते इतके ते सर्रास दिले जाते.

बालदंतचिकित्सा हा दंतवैद्यकातील स्वतंत्र पदव्युत्तर विषय आहे. खासगी दवाखान्यांबरोबरच मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांतही हे उपचार माफक खर्चात होतात. पहिला दात आल्यावर, वयाच्या पहिल्या वर्षाच्या आतच बालकाची पहिली तपासणी व्हावी, असे बालदंतवैद्यांच्या संघटना सांगतात. दुखण्यापूर्वी घडलेल्या भेटीत मुलाला दवाखाना हे भीतीचे स्थान वाटत नाही.

भरणी ही अर्धीच वाट

दात भरला म्हणजे आजार संपला, असे मात्र नाही. ब्रिटनमध्ये २०१२ ते २०१७ या काळात तीन ते सात वर्षे वयाच्या हजाराहून अधिक मुलांवर एक मोठा अभ्यास झाला. सर्वांचे दात आधीच किडलेले होते. एका गटाची कीड काढून दात भरले, दुसऱ्या गटात कीड आत बंद केली, तिसऱ्यात केवळ प्रतिबंधक उपायांवर भर दिला. पुढील काळात तिन्ही गटांत दर दहा मुलांपैकी सुमारे चार मुलांना दातदुखी वा संसर्ग झालाच. गटांमध्ये स्पष्ट फरक दिसला नाही. ही सर्व मुले दंतवैद्यांच्या नियमित देखरेखीखाली होती, त्यामुळे 'भरण्याची गरजच नाही' असा अर्थ त्यातून काढता येत नाही. एकदा कीड लागल्यावर कोणताही एकच उपचार पूर्ण अभय देत नाही, हा त्याचा खरा बोध. ज्या सवयींनी पहिला खड्डा पाडला, त्या तशाच राहिल्या तर दुसरा पडणारच.

व्यापारी घरांतील एक सवय येथे विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. गल्ल्याशेजारी गोळ्यांची बरणी असते. सुट्टे पैसे नसले की गिऱ्हाइकाला गोळी दिली जाते. शाळेतून आलेले मूल संध्याकाळी दुकानात बसते. एक गोळी काका देतात, एक नोकर देतो, एक ते स्वतः घेते. घरी आल्यावर जेवणानंतर साखरेच्या पाकातील बडीशेप असते, मध्येच चिक्की असते, बिस्किटे असतात. दिवसभरातील साखर मोजली तर कदाचित फार भरणार नाही. पण तोंडाला विश्रांती किती वेळा मिळाली, हे मोजले तर उत्तर शून्य येते.

दातांच्या दृष्टीने साखर किती खाल्ली याच्याइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व, किती वेळा आणि किती चिकट खाल्ली याला आहे. स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथे १९४० च्या दशकात सुरू झालेल्या अभ्यासात हे ठळकपणे पुढे आले. बौद्धिकदृष्ट्या दिव्यांग असलेल्या रुग्णांना मुद्दाम साखर देऊन तो केला गेला, आणि आजच्या विवेकाला तो मान्य होणार नाही. जेवणासोबत घेतलेल्या साखरेने दात फारसे किडले नाहीत. जेवणांच्या मधल्या वेळेत वारंवार दिलेल्या चिकट टॉफ्यांनी ते झपाट्याने किडले. म्हणजे सणाला जेवणाच्या ताटात वाढलेले श्रीखंड हे दिवसभर गालात घोळवलेल्या गोळीपेक्षा दाताला कमी अपायकारक ठरते. गूळ, मध, खजूर हे 'नैसर्गिक' म्हणून दाताला वेगळे वाटत नाहीत. तान्ह्या बाळाला गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवणे तर समोरच्या दातांना सर्वांत घातक. झोपेत लाळ कमी स्रवते आणि दूध रात्रभर दातांवर राहते.

सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याची परंपरा ज्या घरांत आजही पाळली जाते, त्यांच्यासाठी एक गोष्ट आपोआप अनुकूल आहे. ठरावीक वेळी भोजन आणि रात्री दीर्घकाळ तोंड रिकामे, हे दातांच्या दुरुस्तीला हवेच असते. मात्र चौविहारामुळे रात्री पाणी तोंडात घ्यायचे नाही म्हणून मूल दात न घासताच झोपत असेल, तर हा लाभ वाया जातो. अन्नाचे कण रात्रभर दातांवरच राहतात. उपाय सोपा आहे. संध्याकाळचे जेवण झाले की सूर्यास्तापूर्वीच दात घासून तोंड स्वच्छ करावे आणि त्यानंतर काही खाऊ नये. व्रतही पाळले जाते आणि दातही.

दात घासणे मुलाच्या हाती सोपवून मोकळे होता येत नाही. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या मनगटात ते कौशल्य नसते. मोठ्यांनी स्वतः घासून द्यावे लागते, दिवसातून दोनदा. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी टूथपेस्ट पुरते. मुलांच्या काही टूथपेस्टमध्ये फ्लोराइड नसते वा अगदी कमी असते. वेष्टनावरील प्रमाण वाचून, दंतवैद्यांना विचारून निवड करावी. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड यांसारख्या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड मुळातच जास्त आहे. तेथील कुटुंबांनी हा सल्ला आवर्जून घ्यावा.

सहाव्या वर्षी येणारा पाहुणा

दुधाच्या दातांच्या रांगेमागे, कोणताही दात न पाडता, सहाव्या वर्षाच्या सुमारास कायमची पहिली दाढ गुपचूप उगवते. कोणताही दात पडलेला नसल्याने पालक तिला दुधाचीच समजतात आणि ती किडली तरी 'पडेल' म्हणून सोडून देतात. ती पडत नाही. ती आयुष्यभरासाठी असते. तिच्या माथ्यावरील खोल खाचांत ब्रशचे केस शिरत नाहीत. त्या खाचा किडण्यापूर्वीच पातळ राळेसारख्या पदार्थाने बंद करता येतात. यात टोचणे नाही, कोरणे नाही, वेदना नाही. सहा-सात वर्षांच्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत या चार दाढांविषयी दंतवैद्यांना विचारणे, ही पालकांनी लक्षात ठेवावी अशी एक मोलाची गोष्ट आहे.

भुसार व्यापाऱ्याच्या त्या घरातील मुलाला दुसऱ्या दिवशी सकाळी जिल्ह्याच्या ठिकाणी नेण्यात आले. औषधांनी सूज उतरल्यावर दाढ काढावी लागली. तिची मुळे वाचवण्यापलीकडे गेली होती. सहाव्या वर्षी आलेली मागची दाढ पुढे सरकू नये म्हणून तिच्यावर पोलादी कडे बसवून पुढे तारेचा आधार दिला गेला. खालचा दात वर येईपर्यंत, म्हणजे आणखी तीन-चार वर्षे, तो आधार सांभाळावा लागेल आणि त्याची वरचेवर तपासणी करून घ्यावी लागेल.

त्याच भेटीत डॉक्टरांनी सोबत आलेल्या चार वर्षांच्या धाकट्या बहिणीचेही तोंड पाहिले. तिच्या दाढेच्या माथ्यावर मोहरीएवढा तपकिरी खड्डा होता. दुखत काहीच नव्हते. आजी सवयीने म्हणाल्या, "हिची तर अजून कितीतरी वर्षं आहेत दात पडायला." आणि मग आपल्याच वाक्याचा अर्थ ध्यानात येऊन त्या सुनेकडे वळल्या, "अगं, मग आजच भरून घेऊ या." हातातल्या हत्यारानेच मऊ भाग काढून सिमेंट भरले गेले. अर्धा तासही लागला नाही. मुलगी रडली नाही. घरी जाताना गाडीत आरशासमोर आ वासून बसली.

गल्ल्यातील ती जुनी चिठ्ठी आजोबांनी पुढे शोधून काढली. दुकानातल्या दिनदर्शिकेवर, जीएसटी विवरणपत्राच्या तारखेखाली, आता दोन्ही नातवंडांच्या तपासणीची तारीख लिहिलेली असते. गोळ्यांची बरणी गल्ल्याशेजारून हलली आहे. सुट्ट्या नाण्यांसाठी आजोबा दर सोमवारी बँकेत जातात.